लिव्हरला लिव्हर

२ जुलै, मंगळवार

वारा नैर्ऋत्येचा. धुकं दुपारपर्यंत हललं नाही.

माझी मुलगी ट्रूडी आज तिच्या पोराला, कोल्बीला घेऊन दवाखान्यात गेली होती. येताना मुरुमांच्या गोळ्या आणल्या. तांबूस, मऊ, दिसायला अगदी गरीब.

पोरगं अठराचं झालं. गेली तीन वर्षं तोंडावर नुसत्या गाठीच गाठी, गालावर, कपाळावर, मानेवर. पाठीवरच्या फुटतात आणि शर्टाला रक्त लागतं. ट्रूडी ते शर्ट मुकाट्यानं धुते. बारावीच्या फोटोच्या दिवशी पोट दुखतंय म्हणून हा घरी बसला. जेवताना खिडकीकडे तोंड करतो. बाहेर बघण्यासारखं काय, तर शेड आणि माझी उपडी घातलेली होडी. मलमं झाली, साबण झाले. आता हे जालीम औषध.

जालीम म्हणजे किती, ते खोक्यातला कागद वाचल्यावर कळलं. माझी शाळा सहावीत सुटली. असले कागद मला बोट ठेवून वाचावे लागतात. ओठ फुटतात म्हणे, ठीक. डोळे कोरडे पडतात, ठीक. त्याच्या खाली लिहिलंय, लिव्हरला इजा होऊ शकते. मी खुर्चीतून उठलो आणि परत बसलो. तोंडावरच्या पुटकुळीपायी लिव्हर?

ट्रूडीला म्हटलं, "अगं, हे वाचलंस का?"

"वाचलं, बाबा. दर महिन्याला रक्त तपासणार आहेत. दारूचा थेंब नको, बाकी काळजी नको. लाखो पोरं घेतात."

"लाखो पोरं माझी नातवंडं नाहीत."

"झालं तुमचं सुरू," म्हणाली आणि वृद्धाश्रमातल्या पाळीवर निघून गेली.

तिचं बरोबर असेलही. पण जानेवारीत कोल्बीला सागरी शाळेत जायचंय. जागा मिळाली आहे. त्याआधी ऑक्टोबरात त्यांचा डॉक्टर त्याला तपासणार, रक्तही घेणार. त्यात काही वावगं निघालं तर जागा दुसऱ्याची. या कोव्हमधून, आमच्या खाडीकाठच्या वस्तीतून, बोटीवर नोकरी लागेल असं हे एकच पोरगं उरलंय.

३ जुलै, बुधवार

झोप नीट नाही. अँब्रोजच्या ट्रकमधून औषधाच्या दुकानात गेलो. अँब्रोज माझा शेजारी, साठ वर्षांपासूनचा सोबती, आणि तोंडाचा फटकळ. वाटभर म्हणत होता, "एल्ड्रेड, तुला काळजी करायला काही मिळालं नाही तर तू हवेची करशील."

दुकानातल्या पॅमला मी सरळ विचारलं, "बाई, लिव्हर सांभाळायला काय करायचं?"

पॅम म्हणाली, "दारू बंद. जीवनसत्त्वाच्या गोळ्या बंद, 'अ' असलेल्या तर अजिबात नकोत. रक्त वेळच्या वेळी. आणि हे बघा काका, गोळी रिकाम्या पोटी नको. जेवणात स्निग्ध काहीतरी असू द्या, म्हणजे अंगी लागते."

"स्निग्ध म्हणजे?"

"चरबी, लोणी, तेल, काहीही."

घरी येताच कपाटातली ट्रूडीची जीवनसत्त्वाची बाटली उचलून कचऱ्यात टाकली. संध्याकाळी ती शोधत बसली. मी सांगितलं तर म्हणाली, "बाबा, ती माझी होती! मला कुठे मुरुमं आलीत?" पण घरात धोका नको तो नको. मला निदान काहीतरी केल्यासारखं वाटलं.

६ जुलै, शनिवार

सरकारनं घरच्यापुरती मासेमारी खुली केलीय. पहाटेच अँब्रोजबरोबर पाण्यावर गेलो. माणशी दिवसाला पाच कॉड, पाचच्या पाच लागले. चांगले जाड, पोट भरलेले.

काठावर साफ करताना अँब्रोज लिव्हरं सीगलांना फेकत होता. त्याच्या हातातलं एक पांढरट, मऊ, तेलानं चकाकणारं लिव्हर बघून माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. म्हटलं, "थांब! दे इकडे."

"कशाला? आता लिव्हर खातो कोण?"

मी लिव्हरं बादलीत गोळा केली. पण यात न कळण्यासारखं काय आहे? औषध लिव्हर खातं, तर लिव्हर भरून काढायला लिव्हरच द्यायला हवं. शाळेत मास्तरीणबाई आम्हाला रांगेत उभं करून कॉडच्या लिव्हरचं तेल पाजायची, सगळ्यांना एकच चमचा. त्या वर्गातलं कोणी लिव्हरनं गेलं नाही. बुडून गेले, छातीनं गेले, लिव्हरनं एकही नाही. आणि पॅम म्हणालीच आहे, स्निग्ध हवं. लिव्हरहून स्निग्ध काय असतं?

कोल्बीला लिव्हरचा वास सहन होत नाही. म्हणून कांद्यावर परतून, कुस्करून, बटाटा आणि माशात मिसळलं, वरून सेव्हरीचा सुवासिक पाला भरपूर. त्याचे वडे केले. पोरानं चार खाल्ले. गोळी त्यावरच घेतली.

माझी बायको एफी गेल्यापासून स्वयंपाक माझ्याकडे आहे. आज पहिल्यांदा त्याचं चीज झालं असं वाटलं.

१४ जुलै, रविवार

शेडमधल्या शेगडीवर उरलेली लिव्हरं कढवून तेल काढलं. वास गल्लीभर. ट्रूडी नाकाला बाही लावून आली. "बाबा, काय मेलंय इथं?"

"होडीला लावायचं तेल," म्हणालो. सांगितलं असतं तर नको म्हणाली असती. तिला सगळं डॉक्टरांच्या तोंडून ऐकायचं असतं.

एक मोठी बरणी भरली. आता मासा नसेल त्या दिवशी बटाट्याच्या लगद्यात दोन मोठे चमचे. वरून डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे आणि थोडी काकवी घातली की वास लागत नाही.

२७ जुलै, शनिवार

कोल्बीचे ओठ फुटलेत. हसला की रक्त येतं, म्हणून हसत नाही. तळहाताची साल निघते. मला धसका बसला, पण कागदात हे लिहिलेलंच आहे. ट्रूडीही म्हणाली, औषध लागू पडतंय.

आणि खरंच पडतंय. मानेवरच्या गाठी बसल्या. परवा जेवताना तो टेबलाकडे तोंड करून बसला. ट्रूडीनं मीठ मागितलं आणि ते घेऊन उगाच उठून गेली.

साल निघते ती कोरडेपणानं. चामड्याचे बूट कोरडे पडले की आपण काय करतो? तेलाचे दोन चमचे होते ते तीन केले.

९ ऑगस्ट, शुक्रवार



कोल्बीच्या डॉक्टर अदेयेमींचा फोन आला. रक्तात लिव्हरचे आकडे दुपटीच्या वर गेलेत. जूनमध्ये, गोळी सुरू होण्याआधी, अगदी स्वच्छ होते. त्यांनी ट्रूडीला विचारलं, मुलगा दारू पितो का?

मी इतकं जपतोय आणि तरी दुपटीच्या वर? मग ते जातंय कुठे? म्हणजे कोणीतरी दुसऱ्या टोकानं उपसतंय.

ट्रूडीनं कोल्बीला समोर बसवलं. "खरं सांग. दगडखाणीत पोरं जमतात तिथे तू जातोस?"

"जातो. पीत नाही."

"तिथे सगळे पितात."

"मी पेप्सी पितो, आई. विचार कोणालाही."

"कोणाला विचारू? पिणाऱ्यांना?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "बाळा, रक्त खोटं बोलत नाही." त्याचं तोंड असं झालं की मी नजर दुसरीकडे वळवली.

गोळी निम्मी केली. दोन आठवड्यांनी परत रक्त. मी मात्र आता लिव्हर सकाळ-संध्याकाळ देणार. पोरगं स्वतःचं नुकसान करून घेत असेल तर मला दुप्पट भरावं लागेल.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

कोल्बीचं डोकं दुखतंय. पडदे ओढून पडला होता. उजेड नको म्हणतो, मान वळवली की कळ येते. मी रस्सा नेऊन दिला, थोडा प्यायला.

अँब्रोज आला होता. म्हणाला, "डोकं दुखतंय, उजेड सहन होत नाही, मळमळतंय? अरे, हे दुखणं मला ओळखीचं आहे. चाळीस वर्षं दर रविवारी सकाळी व्हायचं."

हसायला आलं नाही. ट्रूडीनं ऐकलं. तिनं कोल्बीकडे गाडीची किल्ली मागितली. तो किल्ली टेबलावर ठेवून आत गेला.

मला जेवण जात नाही. त्याच्या ताटात मात्र सगळं नीट घालतो.

२० ऑगस्ट, मंगळवार

कोल्बीनं कबूल केलं.

ट्रूडी स्वयंपाकघरात रडत होती. सागरी शाळेचा कागद तिच्या पुढ्यात होता. तो दारात आला आणि म्हणाला, "हो. प्यायलो. दगडखाणीत. आता परत नाही पिणार."

संशय होता, पण तो खरा निघणं वेगळं. तरी मी पुढे होऊन त्याची पाठ थोपटली. "चुकलं ते चुकलं. खरं बोललास, हे मोठं." पाठीवर हात पडताच तो आकसला. तिथल्या गाठी अजून ओल्या असतील.

"झालं ना आता?" एवढंच म्हणाला.

नंतर अँब्रोजनं त्याला गंमत म्हणून विचारलं, "काय घेतलीस रे?"

"रम."

"कुठली?"

पोरगं भिंतीकडे बघायला लागलं. "ती... काळी."

"काळी तर सगळ्याच," अँब्रोज म्हणाला आणि माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. त्याचा काय अर्थ तो मला कळला नाही. शरमलं असेल पोरगं.

ट्रूडीनं त्याला जवळ घेतलं. आज बऱ्याच दिवसांनी तिघं एकत्र जेवलो. मी वडे केले.

२६ ऑगस्ट, सोमवार

कसं लिहू ते कळत नाही. पण कुठेतरी ठेवायला हवं, नाहीतर डोकं फुटेल.

शुक्रवारचं रक्त चौपट आलं. डॉक्टर अदेयेमींनी लगेच बोलावलं, आम्ही तिघंही गेलो. बाई वयानं लहान, माझ्या ट्रूडीपेक्षाही, पण शांत. कोल्बीच्या डोळ्यात दिवा टाकून किती वेळ बघत होत्या. डोक्यात दाब वाढला तर डोळ्यामागे सूज येते, म्हणाल्या. सूज नव्हती. तरी डोळ्यांच्या डॉक्टरकडे चिठ्ठी दिली.

मग म्हणाल्या, "गोळ्या आजपासून बंद. कोल्बी, पिणं कधी थांबवलंस?"

"त्याच दिवशी. सांगितलं तेव्हा."

"मग आकडे उतरायला हवे होते." त्या लिहीत होत्या. सागरी शाळेनं विचारलं तर हे कळवावं लागेल, असंही म्हणाल्या. ट्रूडीचा चेहरा पांढरा पडला.

मला राहवलं नाही. "डॉक्टरीणबाई, बंद नका करू हो. पोरगं एकदा घसरलं, कबूलही केलं. आणि मी दुसऱ्या बाजूनं त्याचं लिव्हर सांभाळतोच आहे की."

"कसं सांभाळताय?"

मी सगळं सांगितलं. अभिमानानंच सांगितलं, आता खोटं कशाला लिहू. ताजी लिव्हरं, घरी कढवलेलं तेल, वडे, बटाटा, सकाळ-संध्याकाळ. "एक दिवस चुकवला नाही," म्हणालो.

त्यांचं लिहिणं थांबलं. "कॉडचं लिव्हर? रोज?"

"पहिल्या आठवड्यापासून."

"किती?"

मी हातानं दाखवलं. माझा हात हवेत तसाच राहिला, कारण त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी भलतंच झालंय हे मला दिसलं. त्या कोल्बीकडे वळल्या. "तुला माहीत होतं?"

"नाही. मला वाटलं डुकराची चरबी आहे."

मग त्या माझ्या समोर खुर्ची ओढून बसल्या आणि सावकाश बोलल्या. ही गोळी जीवनसत्त्व 'अ'च्याच घराण्यातली. म्हणून तर त्याच्या गोळ्या घ्यायच्या नाहीत. आणि कॉडचं लिव्हर म्हणजे त्याच जीवनसत्त्वाचं कोठार. दोन्ही एकत्र झाली की अंगात विष साठतं. ओठ, साल, डोकेदुखी, लिव्हरचे आकडे, सगळं त्यानं होऊ शकतं.

"पण मी तर बाटली फेकून दिली," मी म्हणालो. "दुसऱ्याच दिवशी. विचारा हिला."

ट्रूडीनं मान डोलावली.

"लिव्हर म्हणजे मासा आहे ना?" मी परत म्हणालो. "ती काय गोळी आहे?"

"तुम्ही वाईट हेतूनं केलं नाहीत, हे मला कळतंय," बाई म्हणाल्या. "पण आज सांगितलं नसतंत तर मी दारूच शोधत बसले असते."

गाडीतून परत निघालो. फाट्याच्या अलीकडे कोल्बी मागच्या सीटवरून म्हणाला, "मी प्यायलो नव्हतो."

ट्रूडीनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. "काय?"

"दारू. कधीच नाही. एक घोटही नाही."

"मग का म्हणालास? कोल्बी, का म्हणालास तसं?"

"तू रोज रडत होतीस. आजोबा जेवत नव्हते. खरं सांगून काही होतच नव्हतं. म्हटलं, हो म्हणून टाकू, संपेल तरी."

ट्रूडीनं कपाळ स्टिअरिंगवर टेकलं. मी पुढच्या सीटवर, मागे वळून बघायची छाती झाली नाही. त्यानं खरं सांगितलं तेव्हा मी त्याला रक्ताची साक्ष काढून गप्प केलं. खोटं सांगितलं तेव्हा पाठ थोपटली. आणि त्याच रात्री परत ताटात वाढलं.

२७ ऑगस्ट, मंगळवार

बरणी समुद्रात ओतली. अँब्रोजला सांगितलं. त्यानं टोपी काढली, डोकं खाजवलं आणि एवढंच म्हणाला, "सीगलांना फेकू दिलं असतंस तर." मग माझा चेहरा बघून, "चल, आत चल, वारा झोंबतोय."

४ सप्टेंबर, बुधवार

ट्रूडी पाळीवर जाण्याआधी स्वयंपाक करून जाते. मॅकरोनी, सँडविच. मला म्हणाली, "बाबा, तुम्ही जरा विश्रांती घ्या." याचा अर्थ मला कळतो. काल मी कोल्बीसाठी पावाला लोणी लावलं. त्यानं ते ताटाच्या कडेला सारलं आणि दुसरा पाव स्वतः कापून घेतला. मुद्दाम दाखवायला नाही. मी बघत नाही असं समजून.

चेहऱ्यावर परत दोन गाठी आल्यात. परत खिडकीकडे तोंड.

१० सप्टेंबर, मंगळवार

एकटाच दवाखान्यात गेलो. डॉक्टर अदेयेमींना म्हणालो, "तो दारूचा शब्द खोडा. त्यानं कधी घेतली नाही."

"लिहिलेलं खोडता येत नाही, आजोबा. खाली लिहिता येतं."

"मग खाली माझं नाव लिहा. एल्ड्रेडनं काय केलं ते लिहा."

त्यांनी टाइप केलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. मी परत एकदा वाचायला सांगितलं. दारूचा काही पुरावा नाही, आजोबांनी न सांगता कॉडचं लिव्हर दिलं, असं होतं. 'न सांगता' हे मला सुचलं नसतं. पण तसंच आहे. बरोबर आहे म्हणालो.

दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो. "बाई, त्याचं लिव्हर कायमचं गेलं का?"

"तरुण आहे. बहुतेक भरून येईल. पण ते त्याचं त्याला भरू द्या."

२४ सप्टेंबर, मंगळवार

आकडे उतरले. अगदी पहिल्यासारखे नाहीत, पण जवळपास. डोकं आता दुखत नाही. फोन ऐकून ट्रूडी जिन्यावरच बसली. मला वाटलं मला आनंद होईल. मी जाऊन शेडमधली शेगडी घासत बसलो.

८ ऑक्टोबर, मंगळवार

सागरी शाळेच्या डॉक्टरनं तपासलं. रक्त ठीक. हवापाण्यावर बोलावं तसं कोल्बीनं दारातूनच सांगितलं, "झालं. घेतलं मला." ट्रूडी किंचाळली. अँब्रोजनं कुंपणापलीकडून विचारलं की कोणी मेलं काय.

डॉक्टर अदेयेमींनी गोळी परत सुरू केली आहे, अगदी लहान. दर पंधरवड्याला रक्त. जेवणात स्निग्ध असू द्या, हे परत सांगितलं. ते ऐकून मी खोलीबाहेर जाऊन उभा राहिलो.

१२ ऑक्टोबर, शनिवार

वारा वायव्येचा, थंड. ट्रूडीची दुहेरी पाळी, सकाळी घाईत गेली. स्वयंपाक करून ठेवायला वेळ मिळाला नाही. जाताना माझ्याकडे बघितलं.

फ्रीझरमधला कॉड काढला. संध्याकाळी वडे केले. करताना भांडंसुद्धा दोनदा घासलं.

कोल्बी येऊन बसला. गोळी ताटाजवळ ठेवली. काटा हातात घेतला, पण वड्याला लावला नाही.

"आजोबा, यात काय आहे?"

मी सांगितलं. बटाटा. कॉडचं मांस, पाठीकडचं, पोटाकडचं नाही. कांदा, मीठ, मिरी, सेव्हरी. थोडं पीठ. तळायला लोणी, ट्रूडीनं आणलेलं, पाकीट टेबलावर आहे.

"आणखी काही?"

"आणखी काही नाही."

तो माझ्याकडे बघत होता. चेहरा पुष्कळ स्वच्छ झालाय, त्यामुळे आता त्यावरचं सगळं दिसतं. मी नजर हलवली नाही. मग त्यानं काटा घातला.

दोन वडे खाल्ले. गोळी घेतली.

१९ ऑक्टोबर, शनिवार

कोल्बी रोज विचारतो. अँब्रोजच्या समोरही विचारतो. मी रोज सांगतो, मिठापासून सगळं. तो पूर्ण ऐकून घेतो आणि मगच जेवायला लागतो.